आटलेली लाळ

आत्या गेल्या महिन्यात गेली. वय झालं होतं, झोपेत गेली, सोनं झालं असं लोक म्हणाले. मी संध्याकाळी पुस्तक उघडून बसते आणि बराच वेळ पान तेच राहतं. मग डोळ्यांपुढे येतो तो एक उन्हाळा. शहात्तर-सत्त्याहत्तरचा असावा. मी शाळेत नुकतीच शिकवायला लागले होते आणि आत्याच्या धाकट्या भावाचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, तोंड आलं होतं.

वडिलांना मी अण्णा म्हणायची. आई आधीच गेली होती, घरात आम्ही दोघंच. अण्णा सोलापूरच्या गिरणीत माग चालवायचे. त्यांच्या घशात गाठ निघाली आणि मिरजेला विजेचे शेक, म्हणजे किरणोपचार, सुरू झाले. निम्मे शेक झाले तोवर गाठ बसायला लागली होती, पण तोंडातली लाळ आटली. गिरणीत आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून ओठांनी ओढून घ्यायचं, तुटलेला धागा थुंकीच्या बोटानं वळून सांधायचा, हे त्यांचं रोजचं काम. त्या माणसाला आता पोस्टाचं तिकीट ओलं करता येईना. बोलताना जीभ टाळूला चिकटायची आणि सुटताना बारीक आवाज यायचा.

मग जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरं आलं. दही फुटल्यासारखे ठिपके. पुसले तर निघायचे आणि खाली लालभडक दिसायचं. पेजेचा घोट गिळतानाही अण्णा डोळे मिटून घ्यायचे. वजन भराभर उतरलं. मिरजेच्या डॉक्टरांनी शेक थांबवले. म्हणाले, "घरी जाऊन तोंड बरं करा, खायला लागू द्या, मग या. पण फार दिवस लावू नका. गाठ काही आपल्यासाठी थांबून राहणार नाही."

हे कळल्यावर आत्या टेंभुर्णीकडच्या आमच्या गावाहून आली. बरोबर गुलकंदाची बरणी आणि गावच्या देवाला दाखवून आणलेली खडीसाखर. तिनं अण्णांचा जबडा हातात धरून आत पाहिलं.

"उष्णता हाय ही. इजेनं आतनं भाजलंय. थंड पायजे ह्याला."

आमच्याकडे तोंड आलं म्हणजे उष्णता झाली, यात कुणालाच शंका नसते. शेजारपाजारचेही तेच म्हणाले, मलाही ते पटलं. आत्या नवस बोलली होती. भाऊ बरा होईपर्यंत देवापुढची खडीसाखर रोज त्याच्या तोंडात पडली पाहिजे. अण्णांनाही ती बरी वाटायची. खडा गालात धरला की तेवढ्यापुरतं तोंडात थोडं पाणी सुटे. दिवसभर त्यांच्या गालाला तो फुगवटा दिसायचा. वर गुलकंद होताच. आणि पांढरं मात्र वाढत वाढत ओठांच्या कोपऱ्यांपर्यंत आलं. अण्णा पेजेलाही मान हलवून नको म्हणायला लागले.

मी त्यांना आमच्या पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. आत्या अर्थातच बरोबर. डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं.

"बुरशी आहे ही."

"बुरशी लोनच्याला येती," आत्या म्हणाली. "मानसाच्या तोंडाला कशी येईल?"

"लोणच्याला तरी कधी येते, मावशी?"

"तेल कमी पडलं की."

"मग तसंच समजा. यांच्या तोंडातलं तेल शेकानं आटलंय. आपल्या सगळ्यांच्याच तोंडात ही थोडीथोडी असते, पण लाळ तिला वर डोकं काढू देत नाही. तुम्ही यांना काय देताय?"

आत्यानं अभिमानानं सांगितलं. डॉक्टर बॅटरी बंद करून खुर्चीत बसले. मग म्हणाले, "साखर म्हणजे तिचं खाद्य. आजपासून गोड बंद. खडीसाखरसुद्धा."

त्यांनी जांभळं औषध दिलं, कापसानं आतून लावायला, आणि खायच्या सोड्याच्या पाण्यानं चुळा भरायला सांगितलं. परत येताना आत्या आमच्या पुढं झपझप चालत होती. तिची अडचण मला कळत होती. प्रसाद बंद केला तर नवस मोडतो, दिला तर भाऊ उपाशी राहतो. त्या संध्याकाळी तिनं नेहमीप्रमाणे दिवा लावला, देवापुढं खडा ठेवला आणि हात जोडून काहीतरी पुटपुटली. मग खडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला.

"आजपासनं तुज्या वाटचा मी खाती," ती अण्णांकडे न बघता म्हणाली. "देवाला सांगितलंय. भन-भावाचं तोंड काय येगळं नसतं."

अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गोड तू खायाचं आन् गुण मला यायाचा. बरं जमवलंस की, आक्का."

"गप. बोलू नगंस, तोंड वाळतंय."

त्यानंतर चुळांचा तांब्या तिच्या ताब्यात गेला. अण्णा कंटाळले की ती समोर पदर खोचून उभी राहायची. जांभळ्या ओठांकडे बघून म्हणायची, "दुसऱ्याच्या झाडाची जांबळं चोरून खाल्ल्यावानी दिसतोयस. लाज वाटती तुज्यासंगं भाईर जायाची."

लाळेबद्दल मी पुढे खूप वर्षांनी वाचलं. पाणी आणि थोडा चिकटपणा, एवढंच मला वाटत असे. पण तिच्यात कितीतरी प्रथिनं असतात. काही बुरशीच्या पेशींना धरून त्यांचे गोळे करतात, म्हणजे त्या गालाला न चिकटता घोटाबरोबर पोटात जातात. एक प्रथिन आसपासचं लोह आपल्याकडे ओढून घेतं आणि बुरशीला उपाशी ठेवतं. काही अगदी लहान प्रथिनं थेट बुरशीच्या पेशीत शिरतात आणि तिच्या आतला जीवनरस बाहेर गळायला लावतात. कानाखालच्या आणि जिभेखालच्या ग्रंथींतून हे सगळं आयुष्यभर झिरपत असतं आणि आपल्याला पत्ता नसतो. अण्णांच्या त्या ग्रंथी शेकाच्या वाटेत आल्या होत्या. वाचताना मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. हे सांगायला तेव्हा अण्णा नव्हते. आत्या होती. तिला सांगितलं तर म्हणाली, "डाक्टरनं लोनच्याचं सांगितलं तवाच समजलं हुतं मला."

पांढरं हळूहळू ओसरलं. पहिल्यांदा ताकातल्या कण्या घशाखाली गेल्या. मग एका दुपारी अण्णांनी भाकरी मागितली. आत्यानं ती आमटीत पार लगदा होईपर्यंत कुस्करली. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट घेत त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. जेवण व्हायला इतका वेळ लागला की आमटी गार झाली. पण त्यांचं खाणं मोडेल म्हणून ताट कुणी गरम करायला उचललं नाही.

थोडं अंग धरल्यावर आम्ही तिघं एस.टी.नं मिरजेला गेलो. वजन झालं, डॉक्टरांनी तोंडात बघितलं. जीभ अजून जांभळी होती, पांढरं कुठेच नव्हतं. कागदावर लिहीत ते म्हणाले, "उद्यापासून सुरू करू. पण चुळा थांबवायच्या नाहीत. लाळ यायला वेळ लागेल. कदाचित पुरती येणारही नाही."

अण्णांनी मान डोलावली. आम्ही बाहेर आलो तेव्हा आत्या बाकावर बसली होती. मी तिला सांगितलं.

"उद्यापासनं?" ती उठली, लुगडं झटकलं. "मग ऱ्हायाचं कुटं ते बगाया पायजे. आन् पानी चांगलं आसंल आसंच बग बाई, ह्याला घडीघडी लागतंय."

मी पत्ता विचारायला गेले. मागे वळून पाहिलं तर ती अण्णांच्या हातात तांब्या देत होती.