गढूळ पाण्यावरची सही

"आप लोगों को हर जगह पानी का ही झगड़ा दिखता है क्या, मैडम?"

साहेब हसले, म्हणून सगळे हसले. टेबलावर मी आणलेली काचेची बाटली होती. तिच्यात पहाडातल्या एका जुन्या मातीच्या धरणाच्या पायथ्याशी झिरपणारं गढूळ पाणी. ‘आप लोग’ म्हणजे कोण, हे दिल्लीतल्या त्या खोलीत कुणाला सांगावं लागलं नाही. मी नागपूरची, बौद्ध. धरणं तपासणारी इंजिनिअर. बावीस वर्षं नोकरी.

साहेब शिपायाला म्हणाले, "ये हटाओ, चाय आ रही है. टेबल भी पोंछ देना."

बाटली घट्ट बंद होती. थेंबही सांडला नव्हता. तरी टेबल पुसलं गेलं. मी बघत बसले. राग आला म्हटलं तर खोटं होईल. थकवा आला. सोसून सोसून मन मुर्दाड होतं.

मातीचं धरण झिरपतंच. पाणी स्वच्छ असेल तर भीती नाही. गढूळ असेल तर ते धरणाच्या पोटातली माती घेऊन येतंय. पण तलाव उतरवायचा, म्हणजे पाण्याची पातळी खाली आणायची, तर वीजनिर्मिती बंद. म्हणून आमच्याकडची रीत अशी: मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडायचा, तारीख बदलायची, ‘पाणी स्वच्छ’ तसंच ठेवायचं.

"पिछले साल वाला ही लगा दीजिए. आप साइन कर दीजिए, बस."

बस. गेली दोन वर्षं मी तेच केलं होतं. पाणी तेव्हाही गढूळच होतं. कोट्यातली तर होतेच, वर भांडखोर हा शिक्का नको होता. धरणाखालच्या गावात एका बाईने विचारलं होतं, "सब ठीक है ना, मैडम?" मी हो म्हटलं होतं. आता साहेबांपेक्षा मला माझीच किळस आली.

"नहीं करूँगी," मी म्हणाले.

"सोच लीजिए. प्रमोशन का साल है."

घरी, मयूर विहारपर्यंत, मेट्रोत उभ्यानेच आले. पाय भरून आले होते. मुलगी म्हणाली, "आई, सोड ना यार. एक साइनच तर आहे."

दुसऱ्या दिवशी फाइलवर हाताने लिहिलं: पाणी गढूळ आहे, तलाव ताबडतोब उतरवावा. मागचे दोन्ही रिपोर्ट खोटे आहेत. सह्या माझ्या आहेत. चौकशी माझ्यापासून सुरू करावी.

एक प्रत साहेबांना दिली, दुसरी खालच्या गावच्या प्रधानांना, म्हणजे सरपंचांना, पाठवली. ऑफिसात याला शिस्तभंग म्हणतात. म्हणू देत. जाब द्यायला मी तयार आहे, आणि विचारायलाही.