केशवापुरात ऐकू आलेली भाकरी

घरी रोज भाकरी खाणाऱ्या आणि पाहुणा आला की ती झाकून ठेवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपली सगळ्यांची एकच तक्रार आहे: प्रवासात कुणाकडेही उतरा, ताटात त्याच पुऱ्या. ऐंशीच्या दशकात हुबळीच्या मराठी मंडळींनी मला व्याख्यानाला बोलावलं, तेव्हा मी विषयच कळवला, 'ताटातली ज्वारी', आणि कोल्हापुरातून पहाटेची एसटी पकडली.

निपाणी, बेळगाव मागे पडलं. धारवाड जवळ आलं तशी काळ्या रानांत ज्वारी दिसू लागली, कणसं दाण्यांनी भरलेली. मी खिडकी सोडेना. ना पाट, ना मोट. जमिनीतल्या ओलीवर हे पीक उभं राहतं. माणसाला दाणा देतं, जनावराला कडबा. आणि आपण मान कुणाला देतो? कालव्याचं पाणी ढोसून वाढलेल्या, आगगाडीने मुलूख ओलांडून आलेल्या गव्हाला.

धारवाडला उतरून केलगेरीच्या तळ्यावर पाय मोकळे केले, मग खानावळ गाठली. गरम भाकरी, भरलं वांगं, शेंगाचटणी, दही. दहाच्या नोटेत जेवण होऊन पेढ्यापुरते पैसे उरले. तिथून सिटी बसने हुबळी.

माझे यजमान बाबूराव. दुकान दाजीबानपेठेत कापडाचं, घर केशवापुरात. दुसऱ्या दिवशी दुपारी बेळगावचे पाहुणे बाबूरावांच्या मुलीची, शैलजाची, सोयरीक पक्की करायला यायचे होते, आणि संध्याकाळी माझं व्याख्यान. चहा घेता घेता मी म्हणालो, "पाहुण्यांना भाकरीच वाढा."

"अण्णा, भाषण तुमचं. पोरगी आमची," बाबूराव म्हणाले.

त्यांच्या पत्नी सरूअक्का आतून बोलल्या, "भाकरी वाढली तर बेळगावभर सांगतील, मुलीच्या बापाला गव्हाची ऐपत नाही."

मी पाणी, जमीन, गुरंढोरं, सगळं मांडलं. शेवटी शैलजाच म्हणाली, "काका, संध्याकाळसाठी थोडं राखून ठेवा." मी विषय तिथेच सोडला. तिची सोयरीक माझ्या मतापायी मोडायला नको होती.

दुपारी पंगत बसली. मुलाचे वडील अप्पासाहेब दोन पुऱ्या खाऊन थांबले. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला: थप, थप, थप. घरच्या बायका पाहुण्यांनंतर जेवणार, त्यांच्यासाठी भाकऱ्या चालल्या होत्या.

अप्पासाहेबांनी कान टवकारले. "आत भाकऱ्या कुणासाठी?"

बाबूरावांचा पुरी वाढणारा हात थांबला. "त्या... घरच्यांसाठी."

"मग आम्ही अजून परकेच का?"

सरूअक्कांनी नवऱ्याकडे पाहिलं आणि आत हाक मारली, "शैलजा, गरम आण गं."

भाकरीचा पापुद्रा उचकटत अप्पासाहेबांच्या पत्नी हसल्या. "आमच्याकडेही हेच. पाहुणे गेले की मगच भाकरी."

हात धुण्याआधी सोयरीक पक्की झाली. संध्याकाळी मी टिपणं खिशातच ठेवली आणि फक्त ही पंगत सांगितली. टाळ्या पडल्या, पण त्या माझ्या नव्हत्या.

परतताना सरूअक्कांनी कडक भाकऱ्यांची चळत बांधून दिली. घरी आठवडाभर त्या मोडून खाताना एकच विचार कुरतडत होता. कमी पाण्यावर येणारं धान्य आपल्या रानात आहे, चुलीवर आहे, जिभेवरही आहे. ते ताटातून हटतं ते पाहुण्यासमोरच्या लाजेपायी, आणि पाहुणाही घरी तेच खाऊन, तीच लाज घेऊन आलेला असतो.

तुमच्या दारात पुढचा पाहुणा येईल, तेव्हा तव्यावरची पहिली भाकरी त्याच्या ताटात वाढा.