ओसाड असं मीच लिहिलं

आमच्या घरात बी.एस्सी. होणारी मी पहिली. विषय वनस्पतिशास्त्र. हे मी आजही मान वर करून सांगते, कारण त्यासाठी तीन वर्षं माळ तुडवत स्टँड गाठलाय आणि हातकणंगल्याहून कोल्हापूरपर्यंत एसटीत उभी राहून गेलेय. पण त्याच पदवीच्या जोरावर मी आमचा माळ घालवला. निम्मंच सांगणं मला जमत नाही.

माळ म्हणजे गावचं गायरान. पन्हाळ्याकडून येणारा पाऊस आमच्याकडं पोचेस्तोवर दमलेला असायचा. वीतभर तांबूस माती, खाली मुरूम, त्याखाली काळा कातळ. दोन-चार बोरी आणि हिवर, तेही खुरटे. बाकी सगळं गवत. पवन्या, मारवेल, कुसळी. श्रावणात गुडघ्याएवढं, भाद्रपदात कमरेएवढं. चालायला लागलं की पायातून लावे भर्रकन उडायचे. खोकड एकदा मागं वळून बघायचं आणि गवतात नाहीसं व्हायचं.

आमच्या बौद्धवस्तीत कुणाच्या नावावर जमीन नव्हती. छप्पन साली धर्म बदलला, सातबारा कुठला बदलतोय. आईनं म्हैस पाळली ती माळाच्या जिवावर. गावाचा रिवाज असा, की पाऊस लागला की माळावर जनावर घालायचं नाही. दसऱ्याच्या सुमाराला, कुसळं टोचायला लागायच्या आत, जाणती माणसं दवंडी द्यायला लावायची. त्या दिवसापासून ज्याच्या हातात विळा, त्याचं गवत. पाटलाची सून आणि माझी आई एका ओळीत कापायच्या. वर्षातले तेवढेच दिवस आईला कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नसे.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पदवी घेऊन घरी बसले होते. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात झाडं लावायची योजना आली. पाहणीला आलेल्या साहेबांना गावातलं कुणीतरी शिकलेलं माणूस हवं होतं. सरपंच मला बोलवायला स्वतः वस्तीत आले. तसं आधी कधी झालं नव्हतं.

वैशाखातला माळ. गवताची नुसती खुंटं राहिलेली, मुरूम तापलेला. साहेबांनी फॉर्म माझ्या हातात दिला. झाडांच्या जाती, झाडांची संख्या, सगळे रकाने झाडांचेच. गवताला रकानाच नव्हता.

"तुम्हीच भरा मॅडम, तुमचा विषय आहे," साहेब म्हणाले.

मॅडम! जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

आई तिथंच पाटीत शेण गोळा करत होती. ती जवळ आली.

"आत्ता काय बघाय आलाय त्यो? वाळल्यालं बघून काय कळतंय? भादव्यात ये म्हणावं. मी दावते."

साहेब हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, गप की तू. तुला यातलं काय कळतंय?"

"व्हय बाई, आमाला काय कळतंय," म्हणाली आणि पाटी उचलून चालायला लागली.

मी लिहिलं, 'ओसाड. वनस्पतींचे आच्छादन नाही.' खाली सही केली आणि सहीपुढं बी.एस्सी. लावलं. कॉलेजात माळ म्हणजे जंगल व्हायचं राहून गेलेली जागा, असंच डोक्यात बसलं होतं, ते एक झालं. पण खरं कारण ते नव्हे. साहेबांसमोर पवन्या, कुसळी असली नावं घ्यायची मला लाज वाटली.

पावसाच्या तोंडाला खड्डे काढायचं यंत्र आलं. वीतभर माती खाली गेली, मुरूम वर आला. ऑस्ट्रेलियन बाभळीची रोपं लागली, तारेचं कुंपण झालं, शेजारच्या गावचा वॉचमन बसला. दसरा आला तरी दवंडी झाली नाही. खड्ड्यांच्या मधनं थोडं गवत उठलेलं होतं, म्हणून आई विळा घेऊन गेली.

"मावशी, बंदी हाय."

"माझ्या सासूच्या सासूपासनं कापतोय आमी हितं."

"कापताय काय पर? हितं गवातच न्हाय म्हणून कागदावर हाय. सायबानं दावलंय मला. तुमच्याच पोरीची सही हाय. जावा घराकडं."

हे आईनं मला जेवायला वाढताना सांगितलं. आवाज चढवला नाही. "सही झ्याक हाय म्हणं तुजी," एवढंच वर म्हणाली आणि भाकरी ताटात टाकली.

दोन वर्षांत म्हैस विकली. बाभळी वाढल्या. त्यांच्या पाल्याला जनावर तोंड लावत नाही, पडलेला पाला लवकर कुजत नाही, त्याखाली गवताची काडी येत नाही. लावे गेले. खोकड शेवटचं कधी दिसलं, हे गावात कुणाला सांगता यायचं नाही.

मधल्या काळात मी हायस्कूलवर शिक्षिका झाले. ग्रामसभेत अर्ज दिला, निम्म्या माळावरची बाभूळ काढा, गवत येऊ द्या. आईला विचारून गवतांची नावं लिहून घेतली. पान भरलं. वाचायला उभी राहिले, तर चार नावांतच हशा.

"बाई, झाडं तोडा म्हणताय? मग शाळंत पोरांस्नी काय शिकिवताय?"

"लई शिकल्यालं असंच करतंय बघा!"

ग्रामसेवकानं विचारलं, "जुन्या रेकॉर्डला काय आहे?" कागद काढला, मोठ्यानं वाचला.

"ते मी चुकीचं लिहिलंय," मी म्हणाले.

"सही तुमचीच ना?"

"माझीच."

"मग झालं की."

पुढचा विषय पाण्याच्या टाकीचा होता. त्याला लोक सरसावून बसले.

आईनं आता दोन शेळ्या ठेवल्यात. माझा पगार आहे, मी नको म्हणते, ती ऐकत नाही. सकाळी कुणाच्या तरी उसाच्या बांधावर जाऊन उभी राहते आणि माझ्याहून लहान माणसाला म्हणते, "दादा, बांधावरचं जरा घिऊ का?" तो कधी घे म्हणतो. कधी म्हणतो, औषध मारलंय. मारलेलं नसतं, हे तिला गवताकडं बघूनच कळतं. तरी "बरं" म्हणते आणि पुढच्या बांधाकडं जाते.