कुंडलिकचा वाढप्या

अवसरी बुद्रुकच्या कुंडलिकचा धंदा विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचा. पण गडी भलता हौशी. दोन हजार चारच्या उन्हाळ्यात लेकीचा, तेजस्विनीचा साखरपुडा ठरला आणि याच्या डोक्यात शिरलं, की पंगतीत जिलेबी यंत्रानं वाढायची. "गावात वाढपी मिळंनात व्हय?" बायको इंद्रायणी म्हणाली. पण ऐकेल तो कुंडलिक कसला.

यंत्र मात्र झकास जमलं. जीपच्या वायपरच्या मोटारींवर ते आपलं आपण पंगतीतून चालायचं, प्रत्येक ताटापुढं थांबून "जिलेबी घ्या पावणं" म्हणायचं आणि जिलेबी सोडायचं. ताटावर हात आडवा दिसला, की "बरं" म्हणून पुढं सरकायचं. या 'बरं'चं कुंडलिकला फार कौतुक. माणसाचं मन ओळखतंय, असं तो दुकानात येईल त्याला सांगायचा.

राजुरीची पाहुणेमंडळी जेवायला बसली. व्याही हौशीराम पहिल्या मानाचे. आता पहिल्याच वाढीला ताट पुढं करणारा व्याही आपल्याकडं अजून जन्माला यायचाय. त्यांनी रीतीप्रमाणं हात आडवा धरला. यंत्र "बरं" म्हणालं आणि निघालं. शेजारच्या मामांनीही हात धरला. त्यांनाही "बरं". असं बरं बरं करत ते मंडपाच्या टोकाला पोचलं, तेव्हा जिलेबी होती तेवढीच होती.

हौशीराम भातावरच उठू लागले. "पावण्याला दुसऱ्यांदा इचारायची रीत न्हाई हितं. ही पोर आमच्या घरी येऊन काय करनार?"

सोयरीक मोडायची वेळ आली होती. तेवढ्यात इंद्रायणीनं जिलेबीची परात उचलली. "एवढी घ्याच भाऊ, लेकीच्या नावानं," म्हणत तिनं व्याह्यांच्या आडव्या हाताखालून जिलेबी सरकवली. हौशीराम नको नको म्हणत खात राहिले आणि शेवटी हसले. साखरपुडा वाचला.

पाहुणे गेल्यावर कुंडलिक पान्हा घेऊन यंत्र खोलायला बसला. "कुटं चुकलं कळंना," तो म्हणाला.

"त्याचा काय दोष? तुमच्यावर गेलंय," इंद्रायणी म्हणाली. "लगीन झाल्यापास्नं मी नको म्हनले, की तुमी फुडं. साडी असू द्या, न्हाईतर यात्रंतल्या बांगड्या."

कुंडलिकला खरोखर वाईट वाटलं. "मग सांगायचं की तसं."

"सांगून मिळालं, तर त्यो आग्रह कसला," ती म्हणाली आणि परात घासायला घेऊन गेली.