नाव नको, नंबर सांगा

पोटात ठेवायच्या गोष्टी लई साठल्या की पोट दुखतंच! शेवगावकडच्या आमच्या सरकारी दवाखान्यात गुप्तरोग तपासायची खोली आहे. मी सातवी शिकलेली, म्हणून दारात बसून नंबर पुकारायचं काम माझ्याकडं. सिस्टर म्हणतात, "किस्से सांग, पण नाव-गाव नाही."

*

पहिल्याच आठवड्यात पुकारलं, "नंबर चार!" एक आजोबा ताडकन उठले आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं नाव, वाडी, बापाचं नाव सांगून मोकळे! म्हटलं, "आजोबा, हितं नाव सांगायचं न्हाई." तर म्हणाले, "का? म्या काय चोर हाय व्हय?"

*

निरोधचा डबा आधी दारापुढं टेबलावर होता. कुणी हात लावंना. सिस्टरनी तो पुरुषांच्या मुतारीत भिंतीला लावला. दुपारपर्यंत रिकामा! शिपाईमामा म्हणाले, "लाज टेबलावर आसती सिस्टर, भिंतीआड न्हाई."

*

औषधाची पाकिटं रोगागणिक वेगळ्या रंगाची. बायकांनी रंगच पाठ केले! कुणाच्या हातात कुठला रंग, यावर बाकावर कुजबुज. मग सिस्टरनी खोकला असो की काही, सगळ्यांना सारखी खाकी पिशवी सुरू केली. एक बाई तणतणत आली, "मला नुसता खोकला हाय! पिशवी बघून जाऊ बोलंना माज्याशी!"

सिस्टर म्हणाल्या, "तिलाही खोकला झाला की पाठवा. तीच पिशवी देऊ."

*

मग माझीच पाळी. अंगावरून पांढरं जायचं, आग व्हायची. कडेवर आठ महिन्यांचं लेकरू, त्यालाही लागलं तर म्हणून जीव टांगणीला. सिस्टरच्या कानात सांगितलं. म्हणाल्या, "चिठ्ठी घे, रांगेत ये." मीच पुकारलं, "नंबर अकरा!" आणि मीच उठले!

तपासून झाल्यावर म्हणाल्या, "लेकरू खुशाल आहे. पण गोळ्या नवऱ्यालाही घ्यायला लाव. तू एकटीनं घेतल्या तर परत होईल."

मालक नुकतेच ऊसतोडीवरून आलेले. ऐकून भडकले, "मला काय झालंय?" सासूबाईंना कळलं तर काय, या धास्तीनं मी खाकी पिशवी डाळीच्या डब्यामागं लपवली.

तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते. सासूबाईंनी डब्यामागून पिशवी काढली. माझे हात परातीतच थांबले. त्यांनी पिशवी उघडलीसुद्धा नाही. पाण्याचा तांब्या मालकांपुढं ठेवला, शेजारी पिशवी.

"घे."

"आये, त्या खोकल्याच्या हायेत!"

"व्हय? मग खोक. पर जोडीनं घ्यायच्या आसत्यात त्या."

"तुला काय ठावं?"

"तुज्या बापानं घेतल्या न्हवत्या."