कंटेनरखालच्या विटा

शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे बॉबिनभाऊच म्हणायचे. कुलूप लावलं की ते ओढून बघायचे, वळणापर्यंत जाऊन परत यायचे, पुन्हा ओढायचे आणि समोरून येणाऱ्याला विचारायचे, "मी कुलूप लावताना पाहिलंत ना तुम्ही?"

अशा माणसाच्या दुकानाच्या जमिनीतून ओल वर यायला लागली. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. यंत्रांच्या पायांना गंज धरला, तेव्हा फरशी फोडून नवी घालण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. पण गिऱ्हाइकांची यंत्रं तोवर ठेवायची कुठे? बॉबिनभाऊंनी भाड्याने एक लोखंडी कंटेनर आणून अंगणात उभा केला. शेजारी राडारोडा टाकायची मोठी पेटी.

पालिकेचे नियम त्यांनी आधीच तोंडपाठ केले होते. कंटेनर कुंपणापासून ठरलेल्या अंतरावर हवा, पदपथावर त्याचा कोपरासुद्धा येता कामा नये, वळणावरून येणाऱ्या गाडीला त्याची अडचण होता कामा नये, राडारोड्याच्या पेटीवर ताडपत्री हवी. ताडपत्री ते दिवसातून कितीदा तरी घट्ट करायचे.

"अहो, आता त्या पेटीला गुदमरायला होईल," बायको म्हणायची.

एवढं करूनही त्यांना चैन नव्हती. अंगण फाटकाकडे उतरतं होतं. तिरप्या जमिनीवर ठेवलेल्या यंत्रातलं तेल एका बाजूला ओघळतं, हे त्यांना बघवेना. मग गवंड्याला सांगून त्यांनी कंटेनरच्या उताराकडच्या दोन कोपऱ्यांखाली विटा आणि सिमेंटचे छान टेकू बांधून घेतले. आत सगळं पाण्यासारखं सपाट झालं. त्या रात्री बॉबिनभाऊ निवांत झोपले.

पालिकेच्या बाई सकाळी आल्या. तरुण होत्या, पायात चिखलाचे बूट, हातात टेप. कुंपणापासूनचं अंतर मोजलं, बरोबर. पदपथ मोकळा. ताडपत्रीकडे बघून त्या हसल्यासुद्धा. मग वाकून त्यांनी कंटेनरच्या खाली पाहिलं, आणि हसू गेलं.

"हे काय बांधलंय?"

"लेव्हलसाठी, ताई. यंत्रं आहेत ना आत."

"कंटेनर नुसता ठेवला असता तर तो तात्पुरता. सिमेंटनं बसवला की ते बांधकाम. परवानगी लागते."

"पण मी तर सगळे नियम..."

"पाळलेत हो, दिसतंय. हा तेवढा राहिला." बाईंचा आवाज खाली आला. "मी याच भागात फिरतेय. संध्याकाळी परत येईन. तोवर हे निघालं नाही, तर मला कंटेनर डेपोत हलवायला सांगावं लागेल. लाकूड चाललं असतं, ते उचलता येतं."

डेपोत! क्रेनने एका बाजूने उचललं की आतली यंत्रं एकमेकांवर आदळणार. लोकांनी भरवशावर ठेवलेली, कुणाच्या आईची, कुणाचं पोट चालवणारी. बॉबिनभाऊंनी अंगणभर नजर फिरवली. यंत्रं बाहेर काढावीत, तर अर्धं अंगण पेटीने खाल्लेलं आणि उरलेल्यात वाळू आणि ओलं सिमेंट.

बायकोने भावाला फोन केला. तो गॅरेजात काम करायचा. दोन हायड्रॉलिक जॅक घेऊन आला आणि आल्या आल्या म्हणाला, "भाऊजी, तुम्ही घराला पण स्पिरिट लेव्हल लावली असती, तर ताई कधीच तिरकी बोलली नसती."

"तू काम कर आधी," ताई म्हणाली.

जॅक मऊ मातीत रुतू नये म्हणून खाली जाड पत्रा घातला. एक कोपरा जरासा उचलायचा, छिन्नी-हातोड्याने विटा फोडायच्या आणि मोकळ्या जागेत फळ्या सारायच्या. फळ्या कुठल्या? मेहुण्याने पेटीतून दुकानाच्या दाराची जुनी चौकट ओढून काढली आणि कापली. कोपरा तिच्यावर टेकवला, आणि ओल खाल्लेलं लाकूड बिस्किटासारखं भुगा झालं. धाडकन आवाज झाला. आत लोखंडावर लोखंड आपटलं.

मेहुण्याचीसुद्धा चेष्टा बंद झाली.

बॉबिनभाऊ अंगणात झाकून ठेवलेल्या आपल्या कामाच्या टेबलापाशी गेले. जाड, जुन्या लाकडाचं टेबल. याच टेबलापाशी उभं राहून त्यांनी धंदा शिकला होता. करवत हातात घेतल्यावर ते क्षणभर थांबले.

"अहो, राहू द्या, दुसरं काहीतरी बघू," बायको म्हणाली.

"ऊन उतरायला लागलंय," ते म्हणाले आणि कापायला लागले.

दुसरा कोपरा होईपर्यंत फाटकावर आवाज झाला की ते मान वळवून बघायचे. एकदा भाजीवाला, एकदा शेजारीण. बाई आल्या तेव्हा मेहुणा विटांचे शेवटचे तुकडे पेटीत टाकत होता. बाईंनी वाकून पाहिलं, बुटाने लाकूड दाबलं, फोटो काढला.

"चालेल. फरशी झाली की मात्र लगेच परत पाठवा."

मेहुणा टाळी द्यायला वळला, पण बॉबिनभाऊ तोवर कंटेनरमध्ये शिरले होते. एकेका यंत्राचं चाक ते हाताने फिरवत होते. हे फिरलं. हे फिरलं. कोपऱ्यातलं एक मात्र अर्ध्यावर अडलं. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या बाईंचं. आतला दांडा वाकला होता. बॉबिनभाऊंनी खिशातून फोन काढला.

"आता कशाला सांगता?" बायको दारातून म्हणाली. "गुपचूप नीट करून द्या. त्यांना काय कळतंय?"

त्यांनी फोन लावला. "बाई, मी बोलतोय... तुमचं यंत्र माझ्या हातून पडलं. म्हणजे पडलं नाही, आपटलं. दांडा वाकलाय."

त्यांनी फोन कानापासून काढून चालू आहे ना हे बघितलं.

"तुम्हाला लागलं नाही ना?"

"नाही."

"मग दांडा बदला. शाळा सुरू व्हायच्या आत मिळेल का तेवढं सांगा."

"मिळेल," ते म्हणाले. "तोवर माझं स्वतःचं पाठवतो. मेहुणा आत्ता आणून देईल."

"मी?" मेहुणा म्हणाला. पण यंत्राची दुसरी बाजू त्याने धरलेली होती.