अंगठ्याखालचं ओझं

देवचंद मुकादमाचं तोंड दिसलं की कौतिक हमालाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि ती जायलाच हवी होती.

अमळनेरच्या त्या तेल गिरणीत देवचंद रोज सकाळी फळ्यावर खडूने कामांचा क्रम लावायचा. त्याचा नियम एकच, लहान काम आधी, मोठं शेवटी. दुपारपर्यंत सहा-सात गिऱ्हाइकांचा माल बाहेर पडायचा आणि मालक खूश व्हायचा. सरकीची जाडजूड पोती मात्र उरायची दुपारपाळीच्या, म्हणजे कौतिकच्या पाठीवर. सलग, दम न घेता. "एक मोठं, मग दोन लहान असं लाव," असं कौतिकने दोनदा सांगून पाहिलं. देवचंद म्हणाला, "हमालाने पाठ चालवावी, डोकं नाही."

सत्त्याऐंशी साली कौतिकच्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा आला. देवचंदसमोर कण्हण्यापेक्षा त्याने लंगोट आवळून बांधला आणि दुप्पट जोर लावला. शुद्ध मूर्खपणा! फुगवटा वाढतच गेला. शेवटी जळगावला ऑपरेशन झालं. तीन महिन्यांनी तो हलकं काम मागायला डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आला.

मालक तिथेच उभे होते. देवचंदने चिठ्ठी धरली आणि मोठ्याने वाचली, "हर्निया. कारण, बिडीचा जुनाट खोकला." मग मालकांकडे वळून म्हणाला, "गिरणीचा काय संबंध, शेठ?"

चौथी शिकलेल्या कौतिकला देवचंदचा अंगठा दिसला. तो पुढच्याच ओळीवर होता.

"अंगठा काढ. त्यानाखाल काय लिखेल शे ते बी वाच."

देवचंद हलेना. कौतिकने चिठ्ठी हिसकली, बिडीच्या ओळीवर स्वतःचा अंगठा दाबला आणि ती त्याच्या नाकासमोर धरली. "बिडी मी सोडी दिधी. आते बाकीनं तू वाच."

"शौचाला कुंथणं," देवचंद पुटपुटला. मग अगदी हळू, "रोजचं जड ओझं."

मालकांनी भोवती जमलेल्या हमालांकडे पाहिलं. "आणखी कोणाला आहे?"

जीवराम हमाल खाली मान घालून म्हणाला, "माले बी शे." त्याच्यामागे निंबानेही हात वर केला. दोघेही लंगोट आवळून वर्षभर उभे होते, एकमेकांपासूनही लपवत.

मालकांनी कौतिकला फळ्याकडे जायची खूण केली. कौतिकने फळा पुसला, पहिलं मोठं काम लिहिलं, त्याखाली दोन लहान. देवचंदने खडूसाठी हात पुढे केला. कौतिकने खडू स्वतःच्या खिशात टाकला.